वाठोरे बाबूंची हार्ड डिस्क

आमच्या शाळेत किस्से कुणी गोळा करत नाही. ते धुळीसारखे आपोआप साचतात, आणि मे महिन्यात तर जास्तच. पोरं सुट्टीवर, मास्तर लग्नांना, आणि ऑफिसात आम्ही चौघंच. मुख्याध्यापक चव्हाण सर, क्लार्क वाठोरे बाबू, शिपाई शिंदे मामा आणि कॉम्प्युटर शिकवणारी मी. हिंगोलीकडच्या गोरेगावहून पुढं जीपनं अर्धा तास आत आलं की आमची शाळा लागते. आता तिथं कोणी मुद्दाम येत नाही म्हणून बरं, नाहीतर आमची अब्रू केव्हाच गेली असती!

यंदाचे सगळे किस्से एकाच कॉम्प्युटरच्या पोटातून निघाले. ऑफिसातला तो कॉम्प्युटर इतका जुना, की त्याचा पांढरा रंग हळदीवर गेलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेच्या जुन्या प्रवेश रजिस्टरांना वाळवी लागली. तेव्हा बाबूंनी उरलंसुरलं वाचून, गावात फिरून विचारून, एका बोटानं सगळं रेकॉर्ड त्यात टाइप केलं. याला बारा वर्षं लागली. त्या रेकॉर्डची दुसरी प्रत कुठंही नव्हती. बाबू एकतीस मेला रिटायर होणार होते, आणि पूर्ण रेकॉर्डसकट चार्ज दिल्याशिवाय त्यांचे कागद पुढं सरकणार नव्हते.

आणि नेमकी मेच्या सुरुवातीला हार्ड डिस्क मरायला टेकली.

*

मरायला टेकलीय हे पहिल्यांदा कळलं ते शिंदे मामांना. म्हणजे कळलं नाही, ऐकू आलं.

डिस्क आतून टक्, टक्, टक् करायची. एकदा बाबू म्हणाले, "यंदा ऊन लई हाय," आणि आतून टक् झालं. पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं, म्हणून शिंदे मामांनी लगेच टेबलावर बोट वाजवलं. "पाल बोलली बाबू, खरं हाय!"

मग रोजचंच झालं. कुणी काही बोलावं, टक् व्हावं, मामांनी टेबल वाजवावं. चव्हाण सर म्हणाले, "पुढच्या वर्षी पटसंख्या वाढंल." टक्! टेबल वाजलं. सर दिवसभर खुश. बाबू म्हणाले, "आपल्या शाळेला नवी इमारत व्हईल." टक्! सरांनी चहा मागवला.

आठवड्यानं मी सुट्टीवरून आले, कान लावला आणि सांगितलं की पाल नाही, डिस्क चाललीय.

बाबूंचा चेहरा एकदम उतरला. मला फार वाईट वाटलं. शिंदे मामांना मात्र वेगळंच दुःख झालं होतं. "मॅडम, मंग मी आठ दिवस टेबल काहून वाजवून राहिलो?"

*

नवी डिस्क मागायची तर संस्थेला पत्र लिहावं लागतं. आमच्या संस्थेचा कारभार मराठीतून, त्यामुळं सरांनी इंग्रजी शब्द टाळून झकास पत्र लिहिलं: "कार्यालयातील संगणकाची कठीण चकती निकामी झाली असून, नवीन कठीण चकती तातडीने मिळावी."

मी म्हटलं, "सर, हार्ड डिस्कच लिहा ना."

"मॅडम, भाषेचा मान ठेवायला पायजे."

चार दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं. "क्रीडा साहित्याची मागणी दिवाळीनंतर करावी."

बाबू हे पत्र तीनदा वाचून कपाळाला हात लावून बसले. शेवटी मीच हिंगोलीहून येताना डिस्क घेऊन आले. सरांनी आवक नोंदीत तिचं नाव लिहिलं, "हार्ड डिस्क". भाषेचा मान त्या दिवसापुरता बाजूला राहिला!

*

नवी डिस्क म्हणजे आजकालची एसएसडी. पातळ, हलकी, बिस्किटाच्या पुड्याएवढी. सरांनी एका तळहातावर ती घेतली, दुसऱ्यावर भंगारातली एक जुनी लोखंडी डिस्क घेतली, आणि बराच वेळ दोन्ही हात वरखाली करत राहिले.

"मॅडम, तुमाला फसवलं. ही आतून रिकामी हाय."

"सर, ही जुनीच्या तिप्पट आहे."

"कशानं तिप्पट?"

बाबूंनी तर थेट विचारलं, "माझं बारा वर्षांचं रेकॉर्ड एवढ्याशात मावंल? चेपून तर न्हाई ना बसवणार? नावं बराबर राह्यली पायजेत."

मी समजावून सांगितलं. दोघांनाही पटलं नाही. पटलं ते शिंदे मामांना. ते म्हणाले, "सर, रेकॉर्ड म्हंजे काय हळदीचं पोतं हाय का? मोबाईलात पोरीचं अख्खं लगीन मावलं माझ्या!"

मावण्याचा प्रश्न मिटला, बसवण्याचा उरला. जुन्या डब्यात डिस्कची जागा मोठी आणि ही बारकी. हिला बसवायची पट्टी हिंगोलीतच राहिली होती. तेव्हा डिस्क सुतळीनं बांधली. गाठ मामांनी मारली, बैलाला मारतात ती. "सुटली तर मला म्हणा," म्हणाले. अजून सुटलेली नाही.

*

वायरी जोडल्या, पण कॉम्प्युटरला नवी डिस्क दिसेना. अशा जुन्या मशीनला सांगावं लागतं, की बाबा, तुझ्या पोटात एक नवीन वस्तू आलीय. त्यासाठी मशीन सुरू होताना एक बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये जायचं. आता कंपनीनं त्या कामासाठी कीबोर्डवरचं कुठलं बटण ठेवावं? डिलीट!

मी बाबूंना म्हटलं, "सुरू झालं की डिलीट दाबा."

बाबूंनी दोन्ही हात कीबोर्डवर आडवे घातले. "मॅडम! बारा वर्षं!"

"बाबू, काही पुसलं जात नाही. हे फक्त आत जायला आहे."

"डिलीट दाबून कोणी आत जाते का?"

बरीच समजूत काढल्यावर बाबूंनी हात उचलले. खाली पाहते तो डिलीटचं बटणच नाही! त्या जागी कागदाचा बोळा कोंबून वरून चिकटपट्टी मारलेली.

"बटण कुठं आहे?"

बाबूंनी कमरेची किल्ली काढली. लोखंडी कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातून शाळेच्या शिक्क्याची डबी काढली. डबीत शिक्का, आणि शिक्क्याशेजारी कागदाच्या पुडीत ते बटण. रेकॉर्ड टाइप करायला घेतलं त्या पहिल्याच दिवशी त्यांनी ते उपटून ठेवलं होतं!

मला बटण मिळालं, पण तसंच नाही. आधी सही घेतली. त्यांच्या कपाटात ती चिठ्ठी अजून असेल: "डिलीट बटण, एक नग. वापरून परत करावे."

*

डिस्क दिसली. मी सरांना म्हटलं, "आता नवी डिस्क फॉरमॅट करावी लागेल."

सर एकदम ताठ बसले. "फॉरमॅट? वरून आला का?"

आता आमच्या खात्यात फॉरमॅट म्हणजे वरून येणारा तक्ता. झाडं लावली, फॉरमॅट. पोरांचे दात तपासले, फॉरमॅट. फॉरमॅट आल्याशिवाय कुणी पेनाचं टोपण काढत नाही. मी म्हटलं, "सर, हा तो फॉरमॅट नाही. हा आपणच करायचा."

"आपण कसा करणार? उद्या तपासणीत विचारलं तर? दुसऱ्या शाळेचा एक अन् आपला एक, असं चालते का!"

आणि त्यांनी केंद्रप्रमुखांना फोन लावला. "साहेब, हार्ड डिस्कचा फॉरमॅट आमाला भेटला न्हाई." तिकडून शांतपणे उत्तर आलं, "आला की ग्रुपवर टाकतो."

इकडं डिस्क टकटकतेय, मे संपत आलाय, बाबूंचं जेवण कमी झालंय, आणि आम्ही फॉरमॅटची वाट बघतोय! तिसऱ्या दिवशी मी कुणालाही न सांगता डिस्क फॉरमॅट केली.

चौथ्या दिवशी ग्रुपवर फॉरमॅट आला! अनुक्रमांक, शाळेचे नाव, हार्ड डिस्कची संख्या, पैकी फॉरमॅट केलेल्या, न केलेल्या, न केल्यास कारण.

आम्ही भरून पाठवला. जिल्ह्यात पहिले आलो!

*

मग एकदाची कॉपी लावली. पडद्यावर उरलेला वेळ दिसू लागला. आधी तीन तास, मग नऊ मिनिटं, मग दोन दिवस, मग परत नऊ मिनिटं.

बाबू म्हणाले, "ही काय बसस्टँडवरची चौकशी खिडकी हाय का?"

पण खुर्चीवरून उठले नाहीत. जुन्या डिस्कला हादरा नको म्हणून मामांनी कूलर बंद केला. बेचाळीस डिग्रीत चौघंही घामानं निथळत पडद्यावर हळूहळू भरणाऱ्या हिरव्या पट्टीकडं बघत बसलो. संध्याकाळी पट्टी भरली. जुनी डिस्क एकदा जोरात टक् म्हणाली आणि कायमची गप्प झाली. सगळं आलं होतं. एका वर्षाची फाइल तेवढी आली नाही.

*

ती फाइल होती बाबू स्वतः या शाळेत पहिलीत आले त्या वर्षाची.

दुसऱ्या दिवशी तीस मे. कपाटातून त्या वर्षाचं वाळवी लागलेलं रजिस्टर काढलं. नावं वाचता येत होती, पण जन्मतारखेचा रकाना वाळवीनं वरपासून खालपर्यंत खाल्लेला.

"वाचा तुमी," बाबू म्हणाले. "माझ्याच वर्गातली पोरं हायेत. एकदा टाइप केलेलं हाय, सगळं ध्यानात हाय."

मी नाव वाचायची, बाबू एका बोटानं तारीख मारायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "एक जून." पुढचं नाव. "एक जून." त्याच्या पुढचं. "एक जून."

त्या काळी शाळा जूनमध्ये उघडायची. आईबापांना तारीख माहीत नसायची, आणि गुरुजी पोराकडं एकदा बघून एक जून लावून टाकायचे. चव्हाण सर एक जून, शिंदे मामा एक जून. आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशीच रिटायर होतो, म्हणून बाबूंचं एकतीस मे.

सत्तावीस नंबरवर मी वाचलं, "वाठोरे उत्तम सखाराम."

बाबूंचं बोट थांबलं. मामा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "बाबू, तुमची माय तर पोळ्याचं सांगायची. बैलं सजवायची सोडून सखारामबाबा सुईणीला बोलवाया पळाले म्हणे."

"व्हय," बाबू म्हणाले. "पोळ्याचंच सांगायची."

पोळा म्हणजे ऑगस्टची अखेर. अख्खे तीन महिने जास्त नोकरी! सर्व्हिस बुकातली तारीख याच रजिस्टरवरून घेतलेली; मूळ नोंद पोळ्याची निघाली, तर तीही दुरुस्त झाली असती. कागदावरची वाळवीनं खाल्ली, कॉम्प्युटरमधली डिस्कनं. ती मूळ नोंद आता फक्त बाबूंच्या बोटात होती. सरांनी खुर्ची वळवली आणि खिडकीतून रिकाम्या मैदानाकडं बघत बसले.

मामांनी हळूच विचारलं, "दार लावू का?"

मी सत्तावीस नंबरवर बोट ठेवून होते. पडद्यावरची रेघ उघडझाप करत होती.

बाबूंनी चष्मा पुसला. बोट उचललं. शून्य, एक. शून्य, सहा.

"वाचा मॅडम," ते म्हणाले, "अठ्ठावीस."