लक्षवेधीच्या दिवशीचा सत्कार

सक्करदऱ्याच्या मागच्या गल्लीत सत्काराचा विषय निघाला की सगळे कुसुमताई हेडाऊंकडे बोट दाखवत. पाहुण्याला शाल कोणी घालायची, नारळ कोणी द्यायचा, ओवाळायला पुढे कोण आणि मागे कोण, हे त्याच ठरवत. जन्मभर हातमागाच्या कांड्या भरल्या, नवरा गेल्यावर एकटीच्या बळावर लेकीला, मुग्धाला, बी.कॉम. केलं, पण दारात आलेला माणूस मानाशिवाय परत गेलेला त्यांना खपत नसे. बाया मागे हसत आणि वेळ आली की त्यांनाच विचारायला येत. हौसेला मोल नसतं म्हणतात. कुसुमताईंच्या हौसेला पुढे मोल पडलं, आणि ते दुसऱ्याच कोणाला भरावं लागलं.

सुरुवात मागच्या हिवाळी अधिवेशनात झाली. सरकारने सुतावरची सवलत बंद केली होती आणि गल्लीतले माग एकामागून एक थंड पडत होते. नागपुरात डिसेंबर म्हणजे थंडी, संत्री आणि मोर्चे. मोर्चा निघतो, ठरलेल्या चौकात अडवला जातो, घोषणा होतात, चारपाच जण मंत्र्याला निवेदन देऊन येतात आणि सगळे घरी जातात. विणकरांचा मोर्चाही तसाच जायचा. पण त्या दिवशी मागून रेटा आला, कठडे आडवे झाले आणि पोलिसांच्या लाठ्या चालल्या. मुग्धा मोर्चात नव्हतीच. क्लास सुटल्यावर आईला घ्यायला आली होती. आईवर लाठी उगारलेली पाहून मधे पडली, आणि संध्याकाळी गुन्हा दाखल झालेल्यांत तिचंही नाव आलं.

यंदा त्याच मुग्धाची विमानतळावरच्या एका कंपनीत निवड झाली. पोरगी हुशार, सगळ्या मुलाखती पार केल्या, पण पोलीस पडताळणीत तो गुन्हा आडवा आला. कंपनीचा साहेब भला होता. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला. तोवर गुन्हा मागे घेतला जाणार असल्याचं सरकारकडून काही आलं तर ठीक, नाहीतर दुसरी मुलगी घेणार.

मग कुसुमताईंनी भैय्याजींना गाठलं. भैय्याजी म्हणजे तिथले आमदार, विरोधी बाकावरचे. त्यांचं खरं नाव विश्वनाथ, पण ते फक्त मतपत्रिकेवर. माणूस भाबडा, मेहनती, आणि बोलायला उभा राहिला की खाली बसायचं विसरणारा. त्यांनी धावपळ करून विधानसभेत लक्षवेधी सूचना लावून घेतली आणि आदल्या दिवशी कुसुमताईंच्या अंगणात खुर्ची टाकून सगळ्या बायांना वाचूनही दाखवली.

"सुतावरची सवलत काढताना सरकारने एका तरी विणकराला विचारलं होतं का? माग बंद पडले तर ही माणसं कुठे जाणार, याचा हिशोब अर्थखात्याने मांडला आहे का? आणि हेच विचारायला आलेल्या बायांवर लाठी कोणाच्या हुकमाने चालली? त्यांच्यावरचे गुन्हे मागे घेणार का? मला हो किंवा नाही, एवढंच उत्तर पाहिजे!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमताईंनी मात्र कामाचं विचारलं. "मंत्री हो म्हणन का जी?"

"खात्री कोणाची देऊ, ताई? पण त्याच्या खात्यातल्या लोकांशी बोललो मी. गुन्ह्यांच्या बाबतीत नरम आहेत ते. आणि सभागृहात एकदा हो म्हणला, की ते कामकाजात लिहून जाते. मग त्याले फिरता येत नाई."

त्या रात्री मुग्धाने नोकरीसाठी घेतलेली निळी साडी नेसून पाहिली. "आतापासून काय घाई वं?" असं म्हणत कुसुमताईंनीच तिच्या निऱ्या बसवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी बायांनी मागच्या वर्षी मोर्चा अडवला होता त्याच चौकात धरणं धरलं. दुपारच्या आधी भैय्याजी निवेदन घ्यायला बाहेर आले. लक्षवेधीला अवकाश होता. त्यांनी निवेदन घेतलं, हात जोडले, निघणार तेवढ्यात त्यांचा स्वीय सहायक अंकित गर्दीतून वाट काढत आला.

"साहेब, चला लवकर. आधीच्या दोन सूचनांचे मंत्री आले नाई. त्या पुढे ढकलल्या. आपलीच लागून राहिली!"

हे कुसुमताईंनी ऐकलं. दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या त्या, स्पष्ट ऐकलं. पण त्यांच्या हातात गल्लीतल्या चालू मागावर खास भैय्याजींसाठी विणून घेतलेलं, जांभळ्या काठाचं उपरणं होतं. आपल्यासाठी झटणारा माणूस बायांसमोर येऊन तसाच कोरडा परत जाणार, हे त्यांच्या जिवाला कसं मानवणार?

"पाच मिनिटं, भैय्याजी," त्यांनी आमदाराचा हात धरला. "बायांनी एवढ्या मायेनं आणलं. मानाचं आहे, नाई म्हणू नका."

भैय्याजींनी अंकितकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, आणि थांबले. उपरणं गळ्यात पडलं, नारळ दिला, ओवाळून झालं. मग कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. पुढाऱ्याच्या हातात माईक आणि लेकराच्या हातात जिलबी, सोडवून घेणं कोणाच्या बापाला जमलंय? भैय्याजी बोलायला लागले. आदल्या दिवशी अंगणात वाचलेले सगळे प्रश्न त्यांनी पुन्हा विचारले, त्याहून जोरात. आणि बायांनी त्यांच्याभोवती कडं करून घोषणा धरली, "भैय्याजी तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!" पुढे जायला त्या माणसाला वीतभर जागा ठेवली नव्हती. सगळ्यांत मोठा आवाज कुसुमताईंचा होता.

सभागृहात भैय्याजींचं नाव पुकारलं गेलं, बाक रिकामा होता, आणि कामकाज पुढच्या सूचनेवर गेलं. ते धापा टाकत पोचले तेव्हा तिथे दुसराच विषय चालू होता. त्यांनी अध्यक्षांना विनवण्या केल्या, मंत्र्याच्या दालनात जाऊन बसले, पत्र दिलं. मंत्री गोड बोलले, "पुढच्या अधिवेशनात बघू." पुढचं अधिवेशन मुंबईला, उन्हाळ्याच्या तोंडावर. कंपनी काही तोवर थांबणार नव्हती. महिना संपला आणि ती जागा दुसऱ्या मुलीला गेली.

गल्लीत भैय्याजींच्या नावाने शिमगा सुरू झाला. ते स्वतः भेटायला आले, तर शेजारच्या जयाबाईने दारातच झाडलं. "भाषणाचे भुके तुमी! पोरीचं वाटोळं केलं!" भैय्याजी खाली मान घालून म्हणाले, "चूक माझीच झाली, बाई." कोणी हात धरला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. कुसुमताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि कुसुमताई? चार बायांना मान कसा द्यायचा ते शिकवणारी ती बाई उंबऱ्यात उभी राहून दुसऱ्याचा अपमान ऐकत राहिली. याची लाज त्यांना लाठीच्या वळापेक्षा जास्त झोंबली.

मंत्र्याने कदाचित नाहीच म्हटलं असतं. कुसुमताई मनाशी तसं पुष्कळदा म्हणून पाहत, पण पटत नसे. नाही म्हटलं असतं तर ते सरकारचं पाप झालं असतं. आता ते कोणाचं म्हणायचं?

शेवटी एका दुपारी मुग्धा भाजी निवडत बसली असताना त्यांनी बोलून टाकलं. "मुग्धा, भैय्याजीले बोल नको लावू देत जाऊ कोणाले. अंकित बोलवाले आला होता. मी ऐकलं होतं. मीच त्यायचा हात धरला."

मुग्धाचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे मले. बायांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता ना. नीट ऐकलं तर अंकितचा आवाजपण येते त्यात."

"मंग तू बोलली काहून नाई मले? एवढे दिवस?"

मुग्धाने मेथीची काडी बाजूला टाकली.

"बोलणारच होती. रागानं दोनतीनदा पाह्यला तो व्हिडिओ. पण त्यात तू किती हासून राहिली होती, आई. बाबा गेल्यापासून तशी हासताना मी तुले पाह्यलीच नव्हती."

कुसुमताईंना वाटलं, हिने चार शिव्या घातल्या असत्या तर आज रात्री झोप तरी लागली असती.