निशिकांत केळुसकरचं सोनं

त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला नोकरीवरून काढलं की आपली मंडळी त्याच्याशी एकदम प्रेमाने बोलायला लागतात, आणि त्या प्रेमाइतकी डोक्यात जाणारी दुसरी गोष्ट नाही. निशिकांत केळुसकरला विचारा. सिंगापुरात वीस वर्षं एकाच बँकेत काढली, त्यातली शेवटची आठ मॅनेजर म्हणून. एका मंगळवारी एचआरच्या बाईने खोलीत बोलावलं, टिश्यूचा डबा आधीच पुढे सरकवून ठेवला होता, आणि दुपारी एक वाजता गडी पासिर रिसच्या आपल्या फ्लॅटमध्ये आमटीभात खायला हजर. त्यानंतर गणपतीला जा, कुणाच्या बारशाला जा, जो तो खांद्यावर हात ठेवून विचारणार, "मग, सध्या काय?"

हे विचारण्यात विक्रांत पहिला. हाच विक्रांत पुण्याहून नवीन आला तेव्हा निशिकांतच्या क्लेमेंटीच्या भाड्याच्या घरात तीन महिने गादी टाकून झोपला होता, निशिकांतनेच त्याची मुलाखत लावून दिली होती. आता त्याचा कॉन्डो, खाली पोहण्याचा तलाव, आणि निशिकांतला मात्र "काही लागलं तर सांग हं." काही लागलं असतं तर निशिकांतने आधी समुद्रात उडी मारली असती.

दोन वर्षं अर्ज करून झाले. मग त्याने एक मेटल डिटेक्टर विकत घेतला.

सुलेखा, म्हणजे त्याची बायको, बालवाडीत शिकवते. ती संध्याकाळी घरी आली तर नवरा हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून, दांडीला लावलेली ती चकती सतरंजीवरून फिरवतोय. सतरंजीखाली त्याने नाणी लपवली होती. पण एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटच्या लादीखाली सगळ्या लोखंडी सळया, यंत्र जिथेतिथे नुसतं कोकलत होतं. सुलेखा म्हणाली, "अहो, हे कशाला?" तो म्हणाला, "ऑस्ट्रेलियाला जाणार. सोनं शोधायला." तिला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. तसं ती बहिणीला फोनवर म्हणालीही, आणि शेजारच्या खोलीत बसून त्याने ते ऐकलं.

पण ते वेड नव्हतं. पर्थपर्यंत पाच तासांचं विमान, पुढे दिवसभर गाडी. रीतसर परवाना काढायचा, आणि त्या तांबड्या रानात जिथे परवानगी असेल तिथे सकाळपासून चालायचं. यंत्र वाजलं की खणायचं. लोक हौसेने करतात, कुणाकुणाला मिळतंही. निशिकांतने ते सगळं वाचून काढलं होतं, बँकेत कागद वाचायचा तसं.

पहिल्या वर्षी दोन आठवड्यांत त्याला एकशे चाळीस खिळे मिळाले. दुसऱ्या वर्षी खिळे, बंदुकीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या आणि घोड्याचा एक नाल. विक्रांतने दिवाळीच्या फराळाला सगळ्यांसमोर त्याचं नाव ठेवलं, खाणसम्राट. "खाणसम्राट, चकली घ्या. जपून, आत खिळा असेल." सगळे हसले. निशिकांतही हसला, काय करणार. घरी येताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, मात्र तो सुलेखाला म्हणाला, "एकदा, एकदाच या लोकांच्या हातावर माझं सोनं ठेवायचंय. विकायचं नाही मला. ठेवायचं आणि म्हणायचं, घ्या, बघा." सुलेखाने मान हलवली. ती दमली होती, पण तिने ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते तिने ऐकलं म्हणूनच झालं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा ऑगस्टमध्ये, त्याला मिळालं.

नवव्या दिवशी दुपारी, माश्या नाकातोंडात जात असताना, हेडफोनमध्ये एक बारीकसा, लांबून कुणी कण्हावं तसा आवाज आला. खिळ्याचा आवाज टणटणीत असतो, हा तसा नव्हता. टिकावाने गुडघाभर खणलं. माती चाळली. हातात आला चिंचोक्याएवढा खडा, एका बाजूला तपकिरी दगड घट्ट चिकटलेला, दुसऱ्या बाजूला पिवळाधमक. निशिकांत त्या खड्ड्याच्या काठावर बसला आणि चक्क रडला. पाच वर्षांत पहिल्यांदा. जगात हा खडा आजवर कुणीही हातात घेतलेला नाही, कुणाच्या अंगावर गेला नाही, कुणी मोडला नाही, हा पहिला हात आपला, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

कागदपत्रं करून त्याने तो घरी आणला. सुलेखाने हातात घेतला, देवापुढे ठेवला, कुंकू लावलं. मुलगी राधिका, बोलण्यात इथलं "ला" मुरलेली, सेम्बावांगला मैत्रिणींबरोबर राहते. डिसेंबरात तिचं लग्न, नीलशी. तिला फोटो पाठवला. निशिकांतने ठरवलं, दसऱ्यापर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. यंदा दसरा शनिवारी, विक्रांतच्या कॉन्डोत सगळे जमणार. इथे आपट्याची पानं कुठली मिळायला? बायका सोनेरी कागदाची पानं कापतात आणि तीच एकमेकांना देतात, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. त्या कागदांमध्ये निशिकांत पुढे होणार आणि विक्रांतच्या तळहातावर खडा ठेवणार. महिनाभर तो अंघोळ करताना हे मनात करून बघत होता.

दसऱ्याच्या सकाळी घराघरात लॅपटॉपची पूजा होते, निशिकांतने डिटेक्टरची मांडली. यंत्र पुसलं, चकतीला हळदकुंकू, दांडीला झेंडूची माळ. मग खडा आणायला देवघराच्या खणात हात घातला. डबी होती, खडा नव्हता.

"थांबा," सुलेखा मागून म्हणाली. तिचा चेहरा इतका फुलला होता की तो थांबला. तिने लाल मखमलीची डबी आणून त्या चकतीवर ठेवली आणि उघडली. आत एक सोन्याची वाटी आणि चार मणी. "राधिकेच्या मंगळसूत्रातली माहेरची वाटी. तुमच्या सोन्याची. जमिनीतलं सोनं घरात नुसतं ठेवू नये, अंगावर यावं लागतं, आई म्हणायची. आणि तो दगड कुणाला दाखवणार होतात तुम्ही? लोकांना कळलं तरी असतं का? आता लेकीच्या गळ्यातच बघतील."

निशिकांतने वाटी उचलून बोट फिरवलं. वाटी गुळगुळीत, कडेला दुकानाचा शिक्का. "कधी केलीस?"

"गुरुवारी. शाळेतून परस्पर गेले, सेरंगून रोडला, सोनाराच्या दुकानात. किती चांगली माणसं. अर्ध्या तासात दिली."

"अर्ध्या तासात?"

"हो ना. खडा आत घेऊन गेला आणि वाटी घेऊन आला. मी विचारलं, हेच ना? म्हणाला, हेच मॅडम, तुमचंच."

सुलेखाला खरोखर कळलं नव्हतं. दगड चिकटलेलं सोनं वितळवायचं, गाळायचं, घडवायचं, आणि अर्ध्या तासात. निशिकांत पूजा तशीच टाकून, काहीतरी आणायचंय म्हणून निघाला. बसने गेला, एमआरटीने गेला, दुकान उघडायच्या आधी शटरसमोर उभा राहिला.

निशिकांतने डबीतून उचलून आणलेली पावती काउंटरवरच्या माणसाने बघितली. अंकल, वेगळं कोण वितळवतं? दगडाचं वजन कापलं, उरलेल्याच्या बदल्यात तयार माल दिला. तुमचं जुन्या सोन्याच्या पिशवीत गेलं. पिशवी काल संध्याकाळी गाळायला गेली. निशिकांतने विचारलं, कुठे? तो म्हणाला, आता विचारून काय उपयोग, ते सगळं एक झालं असेल. आणि वर म्हणाला, सोनं ते सोनंच ना अंकल, तुमचं नुकसान नाही झालं. त्याचं खरं होतं. त्याच्या हिशेबाने निशिकांतचं काहीच गेलं नव्हतं. निशिकांतला त्याची मान धरावीशी वाटली, आणि त्याने त्याला थँक यू म्हटलं. पाच वर्षांत अंगात एवढंच मुरलं होतं.

घरी आल्यावर सांगायचं असं त्याने परतीच्या वाटेवर ठरवलं होतं. पण दारात सुलेखा पैठणी नेसून, केसांत गजरा माळून उभी. नोकरी गेल्यापासून विक्रांतकडे जायला ती कधी इतकी आनंदाने तयार झाली नव्हती. त्याने चपला काढल्या आणि तयार व्हायला आत गेला.

संध्याकाळी विक्रांतच्या हॉलमध्ये सोनेरी कागदाची पानं वाटून झाली आणि सुलेखाने डबी काढली. "हे यांनी स्वतः शोधलेलं सोनं," ती म्हणाली. आणि मग जे निशिकांतला पाच वर्षं हवं होतं ते सगळं, अगदी जसंच्या तसं, घडलं. बायकांनी वाटी हातोहात फिरवली. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. विक्रांतने वाटी तळहातावर घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "मानलं बुवा तुला, निशिकांत. आम्ही उगाच हसायचो." हे तो मनापासून म्हणाला. निशिकांत त्याच्या तळहातावरच्या त्या वाटीकडे बघत होता. कोण जाणे कुणाची मोडलेली अंगठी होती ती.

राधिकाने त्याला बाल्कनीत ओढून नेलं. "बाबा, खरं सांग हं. हे तू खणलेलंच ना?"

"का गं?"

"कारण मी मंगळसूत्र घालणारच नव्हते. नीलला सांगून पण टाकलेलं, नो मंगळसूत्र, ला. दुकानातलं असेल तर आईलाच ठेवू दे, आय डोन्ट केअर. पण तुझं असेल तर मी रोज घालीन. ऑफिसला पण." तिने नाक ओढलं. "तू तिकडे उन्हात एकटा चालत असायचास आणि आम्ही इथे जोक करायचो. मी पण करायचे."

काचेपलीकडे सुलेखा विक्रांतच्या बायकोला हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि हसत होती. निशिकांतने तिच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"माझंच आहे," तो म्हणाला.

राधिकाने त्याला मिठी मारली आणि हात धरून आत आणलं. कुणीतरी खुर्ची पुढे केली, विक्रांतने टीव्हीचा आवाज बंद केला, सगळे भोवती बसले. शोधलं कसं ते सांग म्हणाले. वाटी त्याच्याच हातात दिली. आणि निशिकांतने सांगितलं: माश्या, तांबडी माती, तो बारीक आवाज, टिकाव, चाळण. एक अक्षर पदरचं घातलं नाही. सगळे कान देऊन ऐकत होते, आणि तो बोलता बोलता वाटी बोटांनी चाचपत होता, कुठे जरा खडबडीत लागते का म्हणून.