जैनुद्दीनचा हुबेहूब आवाज

उंब्रजच्या जैनुद्दीनची गिटार ऐकून लग्नातली वऱ्हाडी मंडळी जेवायचं विसरतात, असं निदान जैनुद्दीन तरी सांगे. त्याचं श्रेय तो आपल्या बोटांना देई, आणि काही उरलंच तर स्वतः जुळवलेल्या अ‍ॅम्पला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला. पण तो अ‍ॅम्प चाळीस किलोचा, आणि यंदा त्याची कंबर धरली. तो वरातीत ज्या बेंजो पार्टीबरोबर वाजवी, तिचा मालक लालासाहेब तोंडावरच म्हणाला, "चाचा, ह्यो धोंडा कोन उचलनार? आता बसा घरी." ते ‘घरी’ जैनुद्दीनच्या फार जिव्हारी लागलं.

लेक आसिया पुण्याला शिकलेली. ती लॅपटॉप उघडून म्हणाली, "आब्बा, अ‍ॅम्पचा आवाजच ह्यात उतरवू. सॉफ्टवेअर एक आवाज अ‍ॅम्पमधनं सोडतं, परत आलेला ऐकतं आन् तसाच काढायला शिकतं. मग अ‍ॅम्प न्यायलाच नको."

पण ते जे शिकलं, ते घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं. आसियानं वायरी बदलल्या, आवाज कमी-जास्त केला, माइक सरकवला. मोबाइल दुरुस्तीवाल्या अश्फाकनं लॅपटॉपला नावं ठेवली. जैनुद्दीनच्या बायकोनं, सुगराबीनं, त्याच्यावरून मिरच्या ओवाळून टाकल्या. जैनुद्दीन मात्र चौकात मान ताठ करून सांगत सुटला, "माजा आवाज यंत्राला झेपत न्हाई गड्या!"

चौथ्या दिवशी आसिया वायरीच्या मागोमाग अ‍ॅम्पचा आवाज ज्यातून लॅपटॉपला जाई त्या मिक्सरपाशी पोचली. तिथं आवाज घुमवणाऱ्या इकोचं बटण चालू ठेवून चिकटपट्टीनं गच्च आवळलेलं.

"आब्बा, इको चालूच? घुमनारा आवाज ह्याला शिकता येत न्हाई!"

"आगं, इको बंद करत्यात व्हय कवा?"

बेंजोवाल्यांत इको बंद करणं म्हणजे बिनमिठाचा रस्सा वाढणं. वीस वर्षांत कुणी ते पाप केलं नव्हतं. आसियानं केलं. तासाभरात अ‍ॅम्प कुठला नि लॅपटॉप कुठला, ओळखू येईना.

"वाजवा आता."

जैनुद्दीननं वरातीतली हुकमी धून छेडली. इतकी वर्षं इकोखाली झाकलेला एकेक स्वर उघडा पडला. मधले दोन लागतच नव्हते, तिसरा उशिरा येत होता.

"चुकतंय अजून तुजं यंत्र," तो गुरगुरला.

आसियानं लॅपटॉप बाजूला सारला आणि गिटार थेट अ‍ॅम्पला जोडली. त्यानं परत वाजवलं. तेच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुगराबीनं विचारलं, "आवं, आज कुनाचं पोरगं शिकायला आलंय?"

"मीच हाय," जैनुद्दीन म्हणाला, आणि पहिल्या स्वरापासून वाजवायला लागला.