हवेचा दोष

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्या रंगवणारा एक मिस्त्री आहे. केळीचे ट्रक तो उघड्यावरच रंगवतो आणि उडालेला रंग माझ्या कारच्या काचांवर, बॉनेटवर येऊन बसतो. तक्रार केली की म्हणतो, "भाऊ, हवाच बदमाश आहे ना तापीकडची!" मग साबणाचं पाणी मारून, रंगाचे कण ओढून घेणारा खास मऊ मातीचा गोळा फिरवून एकेक ठिपका काढतो, तान्ह्या बाळाला तेल चोळावं तसा. वर उपकार केल्यासारखा माझ्याच घरचा चहा पितो.

काल फवारा सुरू करण्याआधी त्यानं ओलं बोट वर धरून हवा पाहिली आणि आपल्या मोटरसायकलवर ताडपत्री टाकली.

"आणि माझी गाडी?" मी विचारलं.

"तुमची मी पुसून देतो ना, भाऊ. माझी कोण पुसणार?"