दोन नळ्यांचं इंजिन

सुरतेच्या उधन्यात यंत्रमागाचे मिस्तरी पैशाला पासरी. त्यातही खानदेशातून आलेले तर विचारूच नका. पण खेळण्यातलं रेल्वे इंजिन हातात घेऊन "हे खरं, हे खोटं" असं छातीठोक सांगणारा मिस्तरी अख्ख्या सुरतेत एकच होता: हिलाल धुडकू पाटील. आता हा मान त्याला कोणी दिला, असं विचाराल, तर दिला कतारगामच्या रवजीशेठनी. आणि काढूनही त्यांनीच घेतला. त्याचीच ही गोष्ट.

रवजीशेठ हिऱ्यांचे व्यापारी. दर वर्षी माल विकायला बेल्जियमला जायचे. लोक येताना घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. हे गृहस्थ वीतवीतभर लांबीची इंजिनं आणायचे. दिवाणखान्यात काचेची कपाटं आणि मधोमध टेबलावर गोल रूळ. इंजिन आलं की शेठ आधी ते हिऱ्यांच्या काट्यावर तोलत, मग डोळ्याला भिंग लावून रंग बघत. जड असेल ते चांगलं, चमकेल ते उत्तम. हाताला लागलेलं वळण, दुसरं काय!

एकदा असंच एक जड, चमकदार इंजिन रुळावर ठेवल्याबरोबर रुसून बसलं. शेठच्या मेव्हण्याचं उधन्यात लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना होता. त्याने तिथल्या हिलालला धाडलं. हिलालने इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि बटण दाबायला सांगितलं. मागातला बिघाड तो असाच ऐकायचा. मग चिमट्याने चाकाच्या दांड्यात गुंतलेला गालिच्याचा धागा उपसला. इंजिन सुटलं. शेठ टाळ्या वाजवायला लागले, तर हा म्हणतो कसा, "चालेल, पण माल हलका आहे शेठ. वरून पत्रा जाड, आतले दाते प्लास्टिकचे. याच्यापेक्षा ते कोपऱ्यातलं मळकं भारी."

शेठना राग यायला हवा होता. पण माणूस हिऱ्यांच्या बाजारातला, खऱ्या पारखीला ओळखणारा. त्या दिवसापासून नवं इंजिन आलं की हिलालला बोलावणं. पगार नाही, पण चहा, फाफडा आणि पाहुण्यांसमोर "आ अमारा पारखी छे" अशी ओळख. मागाच्या खडखडाटात अर्धा बहिरा झालेला हा माणूस तिथे गेला की खुर्चीवर बसायचा! त्याची कसोटी साधी. आधी चाक बोटाने हळू फिरवायचं, कुठे अडखळतं ते बघायचं. मग रुळावर मुंगीच्या चालीने चालवायचं. जोरात तर कोणीही पळतं. रंग मूळचा आहे का, ते सगळ्यात शेवटी. आणि निकाल नेहमीचा: "चालतं ते खरं. चालत नाही ते खोटं, मग सोन्याचं का असेना."

ही सगळी विद्या त्याने घरी बायकोवरही पाजळली होती. शोभाबाई घरी बसून साड्यांचे धागे कापायची. कातर चालू ठेवून ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं."

पण एक गोष्ट तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. हिलालने स्वतः एक इंजिन बनवलं होतं. चार वर्षं, दर सुटीला. पितळी नळीचं पोट, मागाच्या जुन्या दातेरी चाकांतून कातून काढलेली चाकं, पोटात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग, वर चौकोनी भोक आणि त्यात फिरवायची चावी. नमुना होता खात्यामागच्या रेल्वे यार्डातला. तिथे भिंतीपलीकडे एक कोळशाचं इंजिन डबे ओढायला उभं असायचं, कायम एकाच तोंडाने. खात्याच्या गच्चीवरून त्याची डावी बाजू दिसे. पोटाच्या कडेने एक लांब नळी गेलेली. उजवी बाजू हिलालने जन्मात पाहिली नाही. पण त्याला त्याची गरजही वाटली नाही. माग कसा, डावीकडून धोटा मारतो तसाच उजवीकडून. दोन्ही हात सारखे. यंत्र म्हटलं की असंच असणार! त्याने बिनधास्त दोन्ही बाजूंना नळ्या बसवल्या. मग खालच्या पट्टीवर, कोणाला दिसणार नाही अशा जागी, सुईने कोरलं: शोभा.

ते इंजिन एकदा शेठना दाखवायचं, एवढीच त्याची आस होती. विकायचं नव्हतं. फक्त शेठनी भिंग लावावं आणि दोन शब्द बोलावे. आज नेतो, उद्या नेतो, करता करता चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला. सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला आणि अर्धं गाव तोंडाला रुमाल बांधून स्टेशनावर धावलं. हिलालही बायकोला घेऊन मिळेल त्या गाडीने अमळनेरकडे पळाला. महिन्याभराने परत आले तर खोलीचं कुलूप तुटलेलं. भांडी जागेवर, पेटी जागेवर, इंजिन तेवढं गायब. चोरालासुद्धा पारख होती म्हणायची! चावी मात्र वाचली, कारण ती शोभाबाईच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली होती. हिलाल आठ दिवस जेवला नाही नीट. तेव्हापासून इतरांच्या इंजिनांना खोटं म्हणताना त्याचा आवाज जरा जास्तच चढायला लागला.

तीन वर्षांनी, सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर, शेठचा निरोप आला. ताबडतोब या. हिलाल पोचला तर दिवाणखान्यात पाहुणे जमलेले, टेबलावर निळी मखमल, आणि मखमलीवर... अहो, दुसरं काय असणार!

"जुओ हिलालभाई," शेठ मोडक्या मराठीत म्हणाले, "मुंबईच्या दलालाकडून घेतलं. शंभर वर्ष जुनं, खास विलायती. एका संस्थानच्या राजाने ऑर्डर देऊन बनवलेलं. आणि ही बघा, दोन नळी! सगळ्या इंजिनला एकच असते. दलाल बोलला, आखी दुनियामां आवुं एकच छे."

हिलालने वाकून दोन्ही नळ्या बघितल्या, त्याच्याच हातच्या. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला राग आला नाही, आनंद झाला. शेठ भिंग लावून तासभर त्याच्या चाकांवरचं कातकाम बघत होते, जोडदांड्यांना "बहु सरस, बहु सरस" म्हणत होते. ज्या दोन शब्दांसाठी जीव टांगणीला लागला होता, ते पोत्याने ओतले जात होते. गप्प बसला असता तर काय बिघडणार होतं? पण सगळे त्याच्याकडे बघत होते. पारखीचा निकाल बाकी होता. आयुष्यात खोटा निकाल दिला नव्हता, तो आज कसा देणार?

"शेठ," तो म्हणाला, "दुनियेत एकच आहे हे खरं. पण विलायती नाही. हे मी बनवलंय. उधन्यात. दुसरी नळी माझी चूक आहे."

यावर जो हशा पिकला! शेठच्या तर हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

"खोटं वाटत असेल तर उलटं करून बघा," हिलाल हट्टाला पेटला. "खालच्या पट्टीवर नाव कोरलंय. शोभा. माझी बायको."

शेठनी इंजिन जपून उलटं केलं, भिंग लावलं, आणि ताडकन उभे राहिले. "नाव छे! खरंच नाव आहे!" पाहुणे पुढे झुकले. "शोभा! अरे, हे तर राणीचं नाव! महाराणी शोभादेवी! राजाने राणीसाठी बनवलं! दलालालाही माहीत नव्हतं!" आणि हिलालच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, "हिलालभाई, तुमची नजर मानली. एवढं बारीक नाव भिंगाशिवाय बघितलं. पण बीजानी वस्तु पर पोतानुं नाम नई लगावानुं, दुसऱ्याच्या वस्तूला आपलं नाव नाही लावायचं. बनवणं वेगळं, पारखणं वेगळं."

हिलालने शेवटचा प्रयत्न केला. म्हणाला, रुळावर तरी ठेवा, चालवून बघू. शेठनी मखमल स्वतःकडे ओढली. म्हणाले, हे चालवायचं नाही, चालवलं की किंमत जाते. आणि यापुढे स्क्रूड्रायव्हर आणू नका, फक्त मऊ कपड्याने पुसायला या. फाफडा त्या दिवशी आला, पण खुर्ची पाहुण्यांनी घेतली होती.

घरी शोभाबाई साड्यांच्या ढिगात बसलेली. हिलालने घडलं ते सगळं सांगितलं. तिची कातर पहिल्यांदाच थांबली. तिने कमरेचं जुडगं सोडलं आणि चावी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ल्या. जा, बठ्ठा लोकेसना समोर फिरावा. चालनं म्हंजे कयी जाई त्यासले, कोन्हं इंजिन शे."

हिलालने चावी तळहातावर घेतली. मग परत तिच्या पुढे सरकवली.

"नको. मी चावी फिरवी तं ते उधनानं भंगार व्हई जाई. आते मखमलवर शे. तठे तू महाराणी शे, शोभा. चावी फिरवी का तू परत धागा कापनारी."

शोभाबाईने चावी जुडग्यात अडकवली. हसू दाबत होती की रडू, कोण जाणे.

"आनि मंग तुमीच म्हनतस ना, चालस नही ते खोटं? तठे खोटी महाराणी शे, आठे खरी बायको. कोन्ही किंमत जास्त, ते ठरावा. आनि ठरनं का तो कॅन उचला. रॉकेल सरी गयं."

हिलालने डोळे पुसले आणि कॅन उचलला. बायकोच्या बाजूने लागलेल्या त्या निकालाला मात्र त्याने भिंगही लावलं नाही आणि कानही.