शिंगाडा, फाटक आणि आमचे भाऊजी

तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाइतका अस्वस्थ माणूस गोंदियात तर नव्हताच, पण तेव्हा आपण ज्या मध्य प्रदेशात होतो त्या सबंध प्रांतातही नसावा. जंक्शनच्या गावात सगळंच हलत असतं, पण इंजिनंसुद्धा पाणी घ्यायला थांबतात. भाऊजी पाणीही अंगणात फेऱ्या मारत प्यायचे. परवा तुमच्यापैकी एकाने फोनवर सांगितलं की गिटारच्या क्लासला नाव घातलंय, आणि वर विचारलं, "आपल्या घरात हे आधी कुणाला येत नव्हतं ना, आजी?" म्हणून लिहायला बसले. येत होतं, बाळांनो. फक्त ज्यांना येत होतं ते एका जागी बसत नव्हते.

स्वातंत्र्य मिळालं आणि रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून विलायतेला निघाली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गार्डसाहेबांकडे भाऊजी संध्याकाळी जाऊन बसत, म्हणजे व्हरांड्याच्या कठड्याला अर्धे टेकत. साहेबांनी निघताना आपली गिटार त्यांना देऊन टाकली, आणि भाऊजींनी निरोपाच्या जेवणासाठी चिन्नोर तांदळाचं पोतं स्वतःच्या डोक्यावरून नेऊन पोचवलं. तोवर साहेबांनी त्यांना बोटांचे पाच आकार शिकवले होते. तीन-चार सूर एकदम वाजवायचे तर डाव्या हाताची बोटं तारांवर ठरावीक आकारात ठेवावी लागतात. त्या आकारांना इंग्रजी अक्षरांची नावं असतात, पण भाऊजींचं आणि इंग्रजी अक्षरांचं मॅट्रिकलाच बिनसलेलं. त्यांनी आपली नावं ठेवली. तीन बोटांचा त्रिकोण म्हणजे शिंगाडा. एका ओळीत चिकटून उभी राहिली की मालगाडी. तिरकी उतरली की जिना, फाकली की खेकडा. आणि पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकलं की फाटक बंद. "फाटक सगळ्यात बेस, वहिनी," ते मला सांगत. "येकच फाटक वर-खाली सरकवत राहिलं का नवे नवे सूर निघते. बाकीचे बिचारे जागच्या जागी बसून राहते."

बोटांना तार मिळाली नाही तर ती दुसरं काहीही शोधत. जेवताना ताटाची कड, वाटेत सायकलचा दांडा, बाजारात तर दुधीचा देठ धरून त्यांनी पूर्ण जिना लावला आणि भाजीवालीने विचारलं, "भैया, लौकी लेना है कि गला दबाना है?" माझ्या फडताळात मी हळद, तिखट, धणे असे डबे उंचीप्रमाणे लावलेले असत. भाऊजी त्यांवर बोटं आपटत आणि जो डबा बेसूर वाटे त्याची जागा बदलत. मी रागावले की म्हणत, "काऊन रागावून राहिल्या? धणे आता सुरात आहेत." तुमचे बाबा तेव्हा पाळण्यात होते. त्यांचा हात मांडीवर घेऊन भाऊजी मनगटापासून कोपरापर्यंत फाटक सरकवत बसत. तेवढाच वेळ ते बसत, आणि तेवढाच वेळ तुमचे बाबा झोपत.

नोकऱ्यांचं असंच. तांदळाच्या गिरणीत लागले तर तिचं इंजिन दिवसभर एकाच चालीत धडधडतं म्हणून सोडून आले. मग चिचगडच्या जंगलात तेंदूपानाच्या फडीवर, म्हणजे बिडीची पानं गोळा होतात तिथे, मुनशी म्हणून गेले. बायका पानांचे पुडे रचत आणि मुनशीने ते मोजून घ्यायचे. भाऊजींच्या डोक्यात तेव्हा सुरांचाच हिशेब, कारण गिटारच्या त्या आकारांत पहिला, तिसरा आणि पाचवा सूर एकत्र बांधलेले असतात. त्यांनी पुडेही तसेच मोजले, पहिला, तिसरा, पाचवा. एका बाईने कमरेवर हात ठेवून विचारलं, "मुनशीबाबू, दुसरा पुडा कोनं खाल्ला?" ठेकेदाराने त्यांना पुढच्या बैलगाडीने परत पाठवलं.

साहेबांनी एक पातळ इंग्रजी पुस्तकही दिलं होतं, आणि ते वाचून सांगायचं काम घरात एकट्या मला येणारं. मी कणीक मळत वाचायची आणि भाऊजी चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत वाजवायचे. आकारातले सूर एकदम न वाजवता एकामागून एक सोडायचे, त्याला पुस्तकात आर्पेजिओ म्हटलं होतं. हे ऐकताच भाऊजी ओरडले, "साहेब हेच सांगत होते! चावल का गोला मत फेंको बाबू, दाना-दाना छोड़ो!" पुढच्या प्रकरणात होतं की असे दाणे सोडता सोडता एका आकारातून दुसऱ्यात शिरावं, शेजारचे सूर घ्यावेत, मनाला येईल तसं भटकावं. हे प्रकरण त्यांनी माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की पोळ्या करपल्या. शेवटचं प्रकरण मात्र राहिलंच. भटकून झाल्यावर पहिल्या आकारावर परत कसं यायचं, ते त्यात होतं. मी म्हणायची, "भाऊजी, क्रमाने घ्या, हे शेवटचंही ऐका." तोवर ते गिटार घेऊन मुर्रीच्या रस्त्याला लागलेले असत.

आणि तिथेच सगळं अडलं. भाऊजींना आयुष्यात एकच नोकरी हवीशी वाटली, ती म्हणजे आमगावकडच्या एका दंडारीत वाजवायची. दंडार म्हणजे आपल्याकडचं गाण्या-नाचाचं, सोंगांचं नाटक. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तिथे ते भर दुपारी झाडाखाली रंगतं. "रोज नवं गाव, वहिनी," भाऊजी म्हणत, "हेच काम मले टिकन. हे नाही झालं तं मी कोणत्याच कामाचा नाही." हे मात्र ते न हसता म्हणाले. दंडारीतली मंडळी गात त्या पट्टीला शिंगाडा अचूक बसत होता. पण वाजवणारा भटकून मुखड्यावर परतला की मगच पात्राने आत यायचं, आणि भाऊजी परततच नसत. दंडारीचे म्हातारे पाटील मला म्हणाले, "पोरगा वाजवते तं बेस. पण थांबत काऊन नाही गा हा? माझं पात्र झाडामागं उभं राहून राहून म्हातारं होईल." शेवटी ठरलं की मंडईत एकदा वाजवू द्यायचं. मुखड्यावर आले तर दंडारीत, नाही तर घरी जाऊन तांदूळ निवडायचे.

त्या दुपारी मी बायकांत बसले होते, पुढ्यात उकडलेल्या शिंगाड्यांचा कागद. भाऊजी अर्थात उभे. त्यांनी शिंगाडा धरला, त्याचे दाणे दाणे सोडले, जिना उतरले, फाटक टाकलं, फाटक वर सरकलं. बायकांची तोंडं चघळायची थांबली. असं गोड मी त्यांच्याकडून घरी कधी ऐकलं नव्हतं. पण फाटक आणखी वर गेलं, मग आणखी. मोहाच्या झाडामागून लुगडं नेसलेल्या पात्राने मान काढून विचारलं, "येऊ का आता?" पाटलांनी हातानेच त्याला परत झाडामागे ढकललं. मी भाऊजींचे डोळे पाहिले आणि ओळखलं की वाट चुकलेत. ते माझ्याकडे बघत होते, जणू मी आता पुढचं वाचून दाखवणार. शेवटचं प्रकरण मी एकटीने वाचलं होतं, पण इतक्या माणसांत काय वाचणार? हातात होतं तेच वर केलं. एक अख्खा, न सोललेला शिंगाडा.

भाऊजींनी तो पाहिला आणि मोठ्याने हसले. फाटक सरसर खाली आलं, आणि एकेक दाणा मोजून टाकावा तसे सूर त्या त्रिकोणात येऊन पडले. पात्र इतक्या घाईने धावत आलं की लुगड्यात पाय अडकून आडवं झालं. लोकांना ते सोंगातलंच वाटलं, त्यांनी पुन्हा पडायला लावलं. पाटील डोळे पुसत म्हणाले, "घेतला गा याले. पण याची वहिनी बी संग पाहिजे!"

जवळच्या गावांना मी जातही असे, पिशवीत शिंगाडा घेऊन. पुढे पुढे तो दाखवावा लागेना. मग कलकत्त्याकडे फिरणाऱ्या एका नाटक कंपनीने त्यांना बोलावलं. फलाटावर मी शिंगाडे उकडून नेले होते. पुरचुंडी देताना एक माझ्या हातात राहिला, तर दारात उभे राहून भाऊजी म्हणाले, "तो वर नका करू, वहिनी. उतरून येईन मी." मी मूठ मिटून घेतली. गाडी हलली तेव्हा त्यांची बोटं दाराच्या दांडीवर वर-खाली सरकत होती.

काही दिवाळ्यांना ते आले. मग नुसती पोस्टकार्डं आली, मग तीही नाहीत.

तुमच्या क्लासमध्ये त्या त्रिकोणाला डी म्हणत असतील, खुशाल म्हणा. वर कितीही भटका, फक्त शेवटचं प्रकरण आधी वाचून ठेवा. इथे दिवाळीनंतर शिंगाडे येतात. मी ते धुते, उकडते, सालं एका बाजूला, गर एका बाजूला. एक सोलत नाही. तो घेऊन गच्चीवर थोडी उभी राहते, मूठ उघडी ठेवून.