मांचू पणजीचा भाड्याचा झगा

फ्रीमाँटमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून एक चिनी मावशी राहतात. त्यांची पणजी म्हणे बीजिंगच्या मांचू घराण्यातली, म्हणजे चीनवर पूर्वी राज्य करणाऱ्या जमातीतली. पुरावा एकच, स्टुडिओत काढलेला जुना फोटो. सासरच्यांनी मावशींना जन्मभर थापाडी ठरवलं होतं. आता लायब्ररीत मांचू स्त्रियांच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं आणि पणजी तिथे नावानिशी लागावी, एवढीच मावशींची इच्छा होती.

प्रदर्शनाचे सगळे फोटो आधी स्कॅन करायचं काम मी मागून घेतलं. तीन बहिणींनी आळीपाळीने नेसलेली एकच पैठणी अल्बममध्ये ओळखणारी बाई मी! त्यातल्या दुसऱ्या एका फोटोत मला पणजीचाच झगा दिसला. झग्यावर तेच फुलपाखरू, शेजारी तेच टेबल, तेच घड्याळ. आत बाई मात्र निराळी. मला कोण आनंद झाला!

"आई, प्लीज डोन्ट," लेक म्हणाली. "शी विल क्राय."

पण माझ्या पोटात काही राहतं होय? मावशींना बोलावून दोन्ही फोटो दाखवले. "झगा स्टुडिओचा आहे, मावशी. भाड्याचा."

त्या बघतच राहिल्या. "मग पणजीही भाड्याचीच का?"

आता संशयाला लगाम कसला! डोक्यावरचा तो रुंद मुकुट, उंच टाचांचे जोडे, सगळंच मला भाड्याचं दिसू लागलं. हळदीकुंकवाला जाते तशी नजर शेवटी कानांवर गेली. फोटो मोठा केला. पणजीच्या पाळीत एकच डूल, आणि वर दोन रिकामी भोकं. त्या दुसरीच्या कानाला भोक एकच.

मावशी स्क्रीनला नाक टेकेपर्यंत वाकल्या. "मांचू मुलींचे कान लहानपणीच तीनदा टोचायचे," त्या हळूच म्हणाल्या. "ती दुसरी हौसेने नटलीय. ही खरी."

"मग हिला स्वतःचा झगा नव्हता?"

"राज्य गेल्यावर घरातलं एकेक विकून खाल्लं. मला वाटायचं, तेवढा झगा तरी तिने ठेवला असेल." त्यांनी डोळे पुसले. "तुला भोकं पटली, माझा शब्द नाही पटला ना?"

मी कान पकडले. हे क्वचित घडतं.

"फोटोखाली काय लिहायचं?" लेकीने विचारलं.

"झगा स्टुडिओचा, असंच लिही," मावशी म्हणाल्या.

उद्घाटनाला त्यांनी सासरच्या झाडून सगळ्यांना बोलावलं, आणि पर्समध्ये चांगलं मोठं भिंग घेऊन गेल्या.